साधनवर्णनाचे गद्य आणि त्याचा वाचक

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एजंटांना जी साधने वापरावयास दिली जातात, त्यांच्यासोबत एक लहानसा गद्य मजकूर लिहावा लागतो. साधनाचे नाव, ते काय करते याचे दोन-चार ओळींचे वर्णन आणि त्याला पुरवावयाच्या माहितीचा तपशील, एवढाच त्याचा ऐवज. बहुधा प्रोग्रामर हा मजकूर काम संपता संपता घाईने लिहितो. मराठीच्या अभ्यासकाने त्याकडे पाहावे असे त्यात काही नाही, ही समजूत मात्र तपासून घेतली पाहिजे; कारण या मजकुराचा वाचक अपूर्व आहे. साधनाच्या अंतरंगातील प्रोग्राम त्याला सामान्यतः दिसत नाही. कोणते साधन केव्हा निवडावे आणि त्याला काय पुरवावे, हे तो समोरच्या शब्दांवरूनच ठरवतो. संहितानिष्ठ समीक्षेने कल्पिलेला वाचक असा भलत्याच ठिकाणी प्रत्यक्ष अवतरला आहे!

एखाद्या ग्रंथालयाच्या सूचीसाठी असे साधन केले असून त्याचे वर्णन 'ग्रंथ शोधून देते' एवढेच आहे, असे समजू. त्यात 'वर्ष' नावाचा एक रकाना आहे. जुन्या मराठी ग्रंथांवर पुष्कळदा शकवर्ष छापलेले आढळते. शके १८१२ म्हणजे इसवी सन १८९०-९१. एजंटाने १८१२ हा आकडा तसाच पुरवला, तर शोध अठ्ठ्याहत्तर वर्षे मागे जाईल आणि हाती काही लागणार नाही. याहून गंभीर दोष न लिहिलेल्या गोष्टींचा आहे. सूची केवळ मुद्रित ग्रंथांची असेल आणि वर्णनात तसे म्हटलेले नसेल, तर पोथीचा शोध घेणारा एजंट 'असा ग्रंथ नाही' असे निःशंकपणे सांगून मोकळा होण्याचा संभव आहे. 'सूचीत नोंद नाही' आणि 'ग्रंथ नाही' यांतील अंतर पोथ्यांच्या दप्तरांत बसलेला प्रत्येक संशोधक जाणतो. ते अंतर पुसले गेले की 'अनुपलब्ध' हा शेरा प्रबंधात शिरतो आणि पुढचे प्रबंध तोच उतरवून घेतात.

हेच वर्णन पुढीलप्रमाणे लिहिता येईल: 'मुद्रित मराठी ग्रंथांच्या सूचीत ग्रंथनाम व ग्रंथकार यांवरून शोध घेते. हस्तलिखिते व नियतकालिके या सूचीत नाहीत. वर्ष इसवी सनात द्यावे. शकवर्ष असल्यास ७८ आणि ७९ मिळवून येणारी दोन्ही वर्षे पाहावीत. काही न सापडल्यास या सूचीत नोंद नाही, एवढेच सांगावे.' यात अलंकरण नाही, 'प्रभावी', 'अत्याधुनिक' अशी विशेषणेही नाहीत. साधनाची मर्यादा मात्र स्पष्ट आहे.

मराठी गद्याला हा प्रश्न नवा नाही. केसोबासांनी चक्रधरांची वचने सूत्रपाठात एकत्र केली. ती इतकी अल्पाक्षरी आहेत की प्रसंगापासून सुटल्यावर त्यांचा अर्थ डळमळतो. म्हणूनच वचन कोणत्या प्रसंगी निघाले हे सांगणारा 'प्रकरणवश' महानुभावांना आवश्यक वाटला. दृष्टान्तपाठातही सूत्राशेजारी दृष्टान्त आणि दार्ष्टान्तिक आले. आजची बहुतेक साधनवर्णने प्रकरणावाचूनची सूत्रे आहेत. अँथ्रॉपिक या कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल खुला केल्यापासून एकाने केलेले साधन भलत्याच कोणाच्या एजंटाला सहज जोडता येते; म्हणजे लेखक आणि वाचक यांतील अंतर आणखी वाढले आहे.

यावर उपाय म्हणून पाल्हाळ लावणे हेही चूकच. प्रत्येक वर्णन मॉडेलच्या मर्यादित संदर्भावकाशात जागा अडवते, आणि 'शोधा', 'पाहा', 'मिळवा' अशी समानार्थी नावांची डझनभर साधने शेजारी मांडली की निवडीचा गोंधळ होतो. कोणता शब्द ठेवावा आणि कोणता गाळावा, हा विवेक उपयोजित मराठीच्या वर्गात जाहिरातीच्या मसुद्यावर शिकवला जातोच. तो या मसुद्यावर शिकवण्यास अडचण कोणती?

मॉडेल अधिकाधिक चतुर होत जाईल आणि अशा काटेकोरपणाची गरज उरणार नाही, असा आक्षेप घेतला जातो. तो अर्धाच खरा आहे. १८१२ हे शकवर्ष असावे, हे चतुर मॉडेल ओळखीलही. सूचीत हस्तलिखिते घेतलेली नाहीत, हे मात्र कोणी लिहून ठेवल्यावाचून त्याला कळावे कसे?