तळघर सजवण्यापूर्वी पूररेषा पाहा

नृसिंहवाडीच्या दत्तमंदिरात पावसाळ्यात पाणी शिरते, तेव्हा ती बातमी संकटाची नसते. कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमावरील या मंदिरात उत्तरेकडून आलेले पाणी पादुकांवरून दक्षिण दाराने बाहेर पडू लागले की ‘दक्षिणद्वार सोहळा’ साजरा होतो. उत्सवमूर्ती त्यापूर्वीच उंचावरच्या जागी हलवलेली असते. मात्र तेच पाणी गावातील घरांत शिरले की संसार उद्ध्वस्त होतो. हा फरक केवळ श्रद्धेचा नाही. मंदिर पाणी येणार हे गृहीत धरून वापरले जाते, घरे मात्र ते येणारच नाही असे मानून सजवली जातात.

जुन्या घरांची तळघरे आणि रस्त्यापेक्षा खोल गेलेले तळमजले वापरात आणण्याकडे शहरांत आणि तीर्थक्षेत्रांत ओढा वाढला आहे. जागेचे भाव चढे आहेत, कुटुंबाला एक खोली जास्त हवी असते, यात्रेकरूंना उतरण्याची सोय करून चार पैसे मिळवायचे असतात. फरशी, प्लायवूडचे कपाट, जिप्समचे छत आणि रंग एवढ्यावर अंधारी खोली राहण्याजोगी दिसू लागते. दिसणे आणि असणे यांतील अंतर कळते ते पुराच्या पहिल्या रात्री.

हा अनुभव या भागाला नवा नाही. २००५, २०१९ आणि २०२१ अशा तीन महापुरांनी शिरोळ तालुक्याला वेढले. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी तेथे ५५ फुटांच्या वर गेले होते. शिवाय संगमाचे गणित वेगळे आहे. कृष्णा फुगलेली असली की पंचगंगेला पुढे सरकता येत नाही, पाणी मागे तुंबते आणि ओसरायला कित्येक दिवस लागतात. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे हे याचे बोलके उदाहरण. पिढ्यान्‌पिढ्या जमिनीखाली हळद सुरक्षित ठेवणाऱ्या या पेवांचे २००५ च्या पुराने मोठे नुकसान केले. जमिनीखालची साठवण जिथे टिकली नाही, तिथे जमिनीखालची शयनगृहे कशी टिकणार?

कायद्याची भूमिका याबाबत संदिग्ध नाही. राज्यात २०२० मध्ये लागू झालेली एकत्रिकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली तळघराला साठवण, वाहनतळ, यंत्रसामग्री अशा वापरांची मुभा देते, राहण्याची नाही. निळ्या आणि लाल पूररेषेमधील बांधकामाचे जोते लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर उंच असावे लागते. अडचण अशी, की नव्या इमारतीचा नकाशा मंजुरीला जातो, पण जुन्या घराच्या आतील सजावटीसाठी सहसा कोणी कार्यालयाची पायरी चढत नाही.

या ढिलाईची किंमत इतरत्र मोजली गेली आहे. जुलै २०२४ मध्ये दिल्लीच्या ओल्ड राजेंद्रनगरमध्ये तळघरात पाणी घुसून तीन विद्यार्थी मरण पावले. साठवणुकीची परवानगी असलेल्या त्या जागेत ग्रंथालय चालत होते. सप्टेंबर २०२१ मध्ये ‘आयडा’ वादळाच्या पावसात न्यूयॉर्क शहरात तळघरांत राहणारे किमान ११ जण दगावले. एक शहर गरीब देशातले, दुसरे श्रीमंत देशातले. पण पाणी जिन्यावरून खाली येऊ लागले की बाहेर पडण्याची वाट तीच असते, हे दोन्हीकडे सारखेच.

तंत्राच्या बाजूनेही भाबडेपणा परवडणारा नाही. एक मीटर उंचीच्या पाण्याचा तळाशी दर चौरस मीटरला सुमारे एक टन दाब येतो. जुन्या दगडी भिंती चुन्यात बांधलेल्या असतात आणि त्या ओल बाहेर टाकतात. त्यांवर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते आणि लोणा धरून भिंत झडू लागते. काळ्या मातीची जमीन भिजली की फुगते, वाळली की आक्रसते. पूर ओसरताच घाईने पंप लावून तळघर रिकामे केले, तर बाहेरच्या भिजलेल्या मातीच्या दाबाने भिंत आत ढासळू शकते. गटाराचे पाणी उलटे येऊ नये म्हणून एकमार्गी झडप, वीजजोडाची उंच जागा, खालच्या मजल्याचा वेगळा वीजपुरवठा आणि दगडी फरशी यांवरचा खर्च दिसत नाही. म्हणूनच तो सर्वांत आधी वगळला जातो.

याचा अर्थ जुनी तळघरे बुजवून टाकावीत असा नव्हे. पाण्याने बिघडणार नाही अशा आणि तासाभरात वर नेता येईल अशा वस्तूंसाठी ती वापरता येतात. पण तिथे माणूस झोपवू नये, भाड्याने तर मुळीच देऊ नये. ग्रामपंचायती आणि नगरपालिकांनी पूररेषेतील घरांवर मागील महापुरांच्या पातळीच्या खुणा ठळक रंगवाव्यात, आणि यात्रेकरूंना खोली देणाऱ्यांची पावसाळ्यापूर्वी तपासणी करावी. यासाठी नवा कायदा लागत नाही.

नृसिंहवाडीत ही रीत घरापासून चार पावलांवरच आहे. जे भिजून चालते ते खाली राहते, जे भिजता कामा नये ते पाणी येण्याआधी वर जाते. देवासाठी पाळली जाणारी ही शिस्त माणसांसाठी पाळायला हरकत ती काय?