विश्लेषण : परदेशी मदतीने न्यायव्यवस्था सुधारते का? मेक्सिकोतील राज्यांचा अनुभव काय सांगतो?

परदेशी मदतीतून न्यायालयाची इमारत बांधता येते, सरकारी वकिलांना प्रशिक्षण देता येते, प्रयोगशाळेत यंत्रे बसवता येतात. पण मदत आटल्यावर हे सगळे चालवायचे कोणी? मेक्सिकोतील राज्यांपुढे आज हाच प्रश्न आहे. अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये परदेशी मदत गोठवली आणि १ जुलैला ‘यूएसएड’ ही आपली मदत संस्थाच गुंडाळली. त्यामुळे या संस्थेने तिथे वर्षानुवर्षे केलेल्या कामाचा हिशेब मांडायला हवा.

काय बदलायचे होते?

मेक्सिकोत पूर्वी फौजदारी खटले मुख्यतः कागदावर चालत. तपास यंत्रणेने तयार केलेली जाडजूड फाइल हाच पुरावा आणि त्यात आरोपीचा कबुलीजबाब सर्वांत वजनदार. निकाल देणाऱ्या न्यायाधीशाने आरोपीला समोर पाहिलेलेही नसे, असे अनेकदा घडे. जून २००८ मधील घटनादुरुस्तीने हे चित्र पालटायचे ठरवले. खटले उघड न्यायालयात तोंडी चालावेत, दोन्ही बाजूंनी न्यायाधीशासमोर पुरावा मांडावा, दोष सिद्ध होईपर्यंत आरोपीला निर्दोष मानावे, असे ठरले. त्यासाठी १८ जून २०१६ पर्यंत, म्हणजे ८ वर्षांची मुदत होती.

राज्येच का महत्त्वाची?

भारताप्रमाणे मेक्सिकोही संघराज्य आहे. तिथे ३१ राज्ये आणि राजधानी मेक्सिको सिटी अशी ३२ घटक एकके आहेत. खून, बलात्कार, चोरी असे बहुसंख्य गुन्हे राज्यांच्या अखत्यारीत येतात. त्यामुळे कायदा राजधानीत बदलला, तरी तो जगायचा होता राज्यांच्या पोलीस ठाण्यांत आणि न्यायालयांत. चिवावासारख्या राज्याने तर घटनादुरुस्तीच्या आधीच, २००७ मध्ये तोंडी खटले सुरू केले होते.

मदत कशासाठी मिळाली?

अमेरिकेने ‘मेरिडा’ उपक्रमाखाली २००८ पासून पुढील दशकभरात मेक्सिकोसाठी ३ अब्ज डॉलरच्या आसपास निधी मंजूर केला. सुरुवातीला भर हेलिकॉप्टर आणि तपासणी यंत्रांवर होता. पुढे संस्था उभारणीचे महत्त्व वाढले. ‘यूएसएड’ने राज्यांतील सरकारी वकील, न्यायाधीश आणि आरोपींचे सरकारी बचाव वकील यांना प्रशिक्षण दिले. किरकोळ तक्रारी तडजोडीने मिटाव्यात आणि गंभीर गुन्ह्यांच्या तपासाला वेळ मिळावा, यासाठी तक्रारींची छाननी करण्याची पद्धत बसवायला मदत केली. जून २०१६ ची मुदत संपेपर्यंत सर्व राज्यांत नवी व्यवस्था निदान कागदोपत्री तरी सुरू झाली.

उणीव कुठे राहिली?

तपासात. याची किंमत काय असते, हे चिवावातच दिसले होते. मारिसेला एस्कोबेदो यांच्या मुलीच्या खुनातील आरोपीला २०१० मध्ये तीन न्यायाधीशांनी निर्दोष सोडले. सरकार पक्षाचा पुरावा अपुरा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. वरच्या न्यायालयाने तो निकाल फिरवला, पण तोवर आरोपी पसार झाला होता. त्याला पकडा म्हणून आंदोलन करणाऱ्या मारिसेला यांनाही १६ डिसेंबर २०१० रोजी राज्य सरकारच्या मुख्यालयासमोर गोळी घालण्यात आली.

रोष न्यायाधीशांवर आणि नव्या पद्धतीवर निघाला. वास्तविक, उघड न्यायालयाने कच्चा तपास झाकायचे नाकारले होते. न्यायदालन नवे आणि पुरावा गोळा करणारे हात जुनेच, ही खरी अडचण होती. आजही राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेच्या पाहण्यांनुसार ९० टक्क्यांहून अधिक गुन्ह्यांची एकतर तक्रारच होत नाही किंवा तपास सुरू होत नाही. यावर उपाय म्हणून २०१९ मध्ये काय झाले? खटल्याआधीच आरोपीला आपोआप कोठडीत ठेवण्याच्या गुन्ह्यांची यादी वाढवली गेली. आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयाने २०२३ मध्ये अशा सक्तीच्या कोठडीला चूक ठरवले.

मग पैसा वाया गेला का?

तसे म्हणणे अन्यायाचे ठरेल. न्यायाधीशासमोर उभे राहून आपले म्हणणे मांडण्याचा हक्क आरोपीला मिळाला, ही मोठी मिळकत आहे. पण ती पक्की नाही. सुधारणेचा समन्वय करणारे केंद्रीय सचिवालय २०१६ मध्ये, मुदत संपल्यावर बंद झाले. २०२४ च्या घटनादुरुस्तीने न्यायाधीश थेट निवडणुकीने नेमायचे ठरले. १ जून २०२५ च्या मतदानात केंद्रासोबत १९ राज्यांतील न्यायाधीशही निवडले गेले. मतदान झाले जेमतेम १३ टक्के. वर्षानुवर्षे घडवलेला न्यायाधीश एका मतदानाने जाणार असेल, तर त्याच्या प्रशिक्षणावरील खर्च कोणत्या खात्यात टाकायचा?

धडा काय?

किती जणांना प्रशिक्षण दिले, हा यशाचा निकष असू नये. किती तक्रारींचा तपास न्यायालयात टिकेल इतका पक्का झाला, हे मोजले पाहिजे. न्यायदालनाआधी पोलीस ठाणे आणि प्रयोगशाळा सुधारायला हवी. आणि मदतीवर सुरू झालेले प्रत्येक पद ठरावीक वर्षांत राज्याच्या अंदाजपत्रकात आले पाहिजे, ही अट पहिल्या दिवशीच घातली पाहिजे. बाहेरच्या पैशाने सुरुवात जरूर करावी. तपास अधिकाऱ्याचा पगार मात्र राज्याच्याच तिजोरीतून व्हायला हवा. तसे झाले नाही, तर देणगीदाराच्या राजधानीत सरकार बदलले की इथल्या फिर्यादीची फाइल पुन्हा धूळ खात पडेल.