रांगेत उभे राहिलेले पालक

दिवाळी सरली, की माजलगाव तालुक्यातील दिंद्रुडसारख्या गावांतल्या काही घरांत एक विचित्र धावपळ सुरू होते. चिरंजीव अजून पाच वर्षांचे झालेले नसतात. पण शहरातील मिशनऱ्यांच्या, केवळ मुलग्यांसाठी असलेल्या नामांकित शाळेत त्यांचा नंबर लागावा म्हणून वडील ओळखी शोधू लागतात आणि आई इंग्रजी गाणी घोकून घेऊ लागते. प्रवेश मिळालाच, तर माय-लेक शहरात भाड्याच्या खोलीत, वडील गावी, आणि संसार एस.टी.च्या फेऱ्यांवर! या घरांत आपल्या कार्यकर्त्यांची घरेही आहेत, म्हणूनच हे लिहिणे भाग आहे.

मिशनऱ्यांना दोष देऊन आपली सुटका होणार नाही. पुण्यातील जेझुइटांची सेंट व्हिन्सेंट शाळा 1867 सालची. दीडशे वर्षे चिकाटीने शाळा चालविणे सोपे नव्हे. ते आपल्या धर्मश्रद्धेने काम करतात आणि ते लपवीतही नाहीत. राज्यघटनेच्या 28 व्या कलमानुसार पालकाच्या संमतीवाचून शासनमान्य शाळेला कोणत्याही मुलास धर्मशिक्षणात वा उपासनेत सहभागी करून घेता येत नाही. पण नंबर लागल्याच्या आनंदात प्रवेश-अर्ज वाचतो कोण? सही होते, आणि तीन वर्षांनी मुलगा शुभंकरोती विसरला म्हणून हेच पालक आपल्याकडे कुरकुर घेऊन येतात.

या शाळांच्या कीर्तीचा मोठा भाग निवडीवर उभा आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रवेशासाठी मुलांची वा पालकांची चाळणी लावण्यास मनाई केली; परंतु सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या निकालाने अल्पसंख्याकांच्या शाळा त्या कायद्याबाहेर गेल्या. (2025 मध्ये न्यायालयाच्याच दोन सदस्यांच्या पीठाने त्या निकालाविषयी शंका नोंदविली आहे.) ज्याच्या घरी पुस्तके आहेत, ज्याचे आईवडील शिकलेले आहेत, त्यालाच आत घ्यायचे आणि दहा वर्षांनी तो चमकला की श्रेय शाळेचे! हा रोग मिशनऱ्यांपुरता राहिलेला नाही. स्वतःला संस्कारकेंद्र म्हणविणाऱ्या आपल्याकडच्या शाळाही टक्केवारीचे फलक चौकात लावू लागल्या आहेत.

आणि त्याच घरातली मुलगी? ती गावच्या शाळेत, आजीजवळ. 2011 च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे अवघ्या 807 मुली होत्या. ज्या जिल्ह्याच्या कपाळी हा आकडा आहे, तेथे घरची सारी पुंजी एका मुलाच्या प्रवेशावर लावणाऱ्याने कुटुंबव्यवस्थेवर बौद्धिके देऊ नयेत.

पर्याय नाहीत, ही सबब खोटी आहे. 1921 मध्ये, निजामाच्या अमदानीत, हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा उभी राहिली. तेथे शिकविणारे स्वामी रामानंद तीर्थ पुढे आंबेजोगाईच्या योगेश्वरी शाळेत आले. त्या शाळांपाशी ना पैसा होता, ना राजाश्रय. त्याच आंबेजोगाईत 1951 मध्ये भारतीय शिक्षण प्रसारक संस्था निघाली. तेथील खोलेश्वर विद्यालय तिचे आणि माजलगावचे सिद्धेश्वर विद्यालयही तिचेच. माजलगाव तर आपल्याच तालुक्याचे ठिकाण! गढीचे नवोदय विद्यालय आहे. परीक्षा तेथेही आहे, पण ती सहावीसाठी, आणि एक तृतीयांश जागा मुलींना.

सर्वांत जवळचा पर्याय मात्र गावातच आहे. तो आपण कमीपणाचा मानला. जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी कमी असतील, छप्पर गळत असेल. शिक्षण हक्क कायद्यानुसार तिच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात. छपराचा आणि गुरुजींचा प्रश्न त्या बैठकीत मांडता येतो. पण त्या समितीवर पालक म्हणून बसायचे, तर स्वतःचे मूल त्या शाळेत असावे लागते. आणि गावातील शिकल्या-सवरलेल्या, चार शब्द ठणकावून बोलू शकणाऱ्या पालकांची मुले शहरातल्या खोलीत इंग्रजी गाणी पाठ करीत आहेत.