नक्षी आपली, मोल आपलं

बचत गटांच्या प्रदर्शनात हल्ली पॉलिमर क्लेच्या दागिन्यांचा एखादा तरी स्टॉल असतोच. कानातली, पेंडंट, केसांचे चाप. हात सफाईदार, रंगसंगतीही छान. पण दोन-तीन स्टॉल पाहिले की लक्षात येतं, नक्षी सगळीकडे तीच! कारण सगळ्याजणींनी तयार सिल्क स्क्रीन मागवलेले असतात. मग गिऱ्हाईक म्हणतं, "पलीकडे दहा रुपये कमी आहेत." वस्तू सारखीच असली की घासाघीस फक्त किमतीची उरते, आणि त्यात राबणारीच हरते.

म्हणून मैत्रिणींनो, माझं स्पष्ट मत आहे. क्ले विकत घ्या, रंग विकत घ्या. नक्षी मात्र स्वतःची काढा.

"आम्हाला कुठे चित्रकला येते?" हा प्रश्न ठरलेलाच. अहो, जी दारात ठिपक्यांची रांगोळी घालते, चैत्रांगण काढते, तिनं असं म्हणावं? आजीच्या रांगोळीच्या वहीतला एक कोपरा घ्या, त्याला अंगणातल्या गोकर्णाची वेल जोडा. झाली तुमची नक्षी! वारली चित्रं मात्र सोपी दिसतात म्हणून उचलू नका. ती त्या समाजाची ओळख आहे, त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे.

स्क्रीनचं तंत्र अवघड नाही. नाव 'सिल्क' असलं, तरी जाळी आता बहुधा पॉलिएस्टरची असते. तिच्यावर प्रकाशानं घट्ट होणारं इमल्शन लावतात. पारदर्शक कागदावरची काळी नक्षी त्यावर ठेवून प्रकाश देतात. काळ्या भागाखालचं इमल्शन कच्चं राहतं, ते पाण्यानं धुऊन निघतं आणि तेवढी जाळी मोकळी होते. त्यातून ॲक्रिलिक रंग लाटलेल्या कच्च्या क्लेवर उतरवायचा. रंग वाळला की आकार कापायचे आणि पाकिटावर दिलेल्या तापमानाला ओटीजीत भाजायचे. स्क्रीन मात्र लगेच धुवायचा. रंग सुकला तर जाळी बुजते.

लग्नपत्रिका, कापडी पिशव्या छापणारे स्क्रीन प्रिंटिंगवाले हेच काम करतात. तुमच्या गावात असा कुणी असेल तर नक्षी घेऊन जा, बारीक जाळी मागा. रेघ ठसठशीत आणि गडद काळी हवी. केसासारखी रेघ नीट उठत नाही. कागदी स्टेन्सिलमध्ये वर्तुळाच्या आतला तुकडा गळून पडतो, इथे जाळी तो धरून ठेवते. त्यामुळे रांगोळीची वेटोळी बिनधास्त काढा.

आणखी एक. आपण काढलेल्या चित्रावर १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानं आपला हक्क आपोआप असतो. पण तीच नक्षी यंत्राच्या किंवा छपाईच्या पद्धतीनं ५० पेक्षा जास्त वस्तूंवर उतरवली, तर तो टिकेलच असं नाही. मोठा धंदा करायचा असेल, तर २००० च्या डिझाइन कायद्याखाली नोंदणीचं विचारून घ्या, तेही माल बाजारात आणण्याआधी.

गटाची एक नक्षीवही ठेवा. प्रत्येक नक्षीखाली काढणारीचं नाव आणि तारीख घाला. आपल्या आज्यांनी दारोदार इतकं सुंदर रेखाटलं, पण त्याखाली कुणाचंच नाव राहिलं नाही. आता तरी राहू द्या!