नागिणीचे तोंड आणि शेपूट

गेल्या वर्षीची गोष्ट. गणपती चार दिवसांवर आलेले. डाव्या बरगडीखाली कोणी तापलेली सुई टोचावी तसे दुखू लागले. वय चौसष्ट, त्यामुळे पहिला संशय हृदयावर गेला. दोन दिवसांनी त्याच जागी लाल पट्टा उठला, त्यावर पाण्याने भरलेल्या बारीक पुळ्या दिसू लागल्या, आणि शेजारच्या काकूंनी दारातूनच निदान केले, "भाऊ, ही तर नागीण! आधी बघा, तोंड कुठे आहे न् शेपूट कुठे. दोन्ही एकमेकांना मिळाली, की संपलं."

आम्ही खोपटला एस.टी. स्टँडच्या जवळ राहतो. गावाकडे नागीण उतरवणारा एक माणूस आहे, हे आमच्या इमारतीत तीन घरांना ठाऊक होते. मी तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. तरीही दुसऱ्या दिवशी पहाटे स्टँडवरून गाडी पकडली आणि गेलो. भीती वाटली, हे कबूल करायला हवे. त्या गृहस्थाने पुळ्यांभोवती गेरूची रेघ ओढली, काहीतरी पुटपुटला, पथ्य सांगितले, पैसे घेतले नाहीत. परत येऊन गणपती बसवले, पाहुणे झाले. डॉक्टरकडे गेलो तेव्हा पुरळ उठून सहा दिवस झाले होते. डॉक्टर एवढेच म्हणाले, "पहिल्या तीन दिवसांत यायला हवं होतं."

या आजारात भीती कशाची बाळगावी आणि घाई कशाची करावी, याचा आपण किती उलटा हिशोब मांडला आहे, हे मला त्या वाक्याने कळले.

नागीण बाहेरून येत नाही. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या, की त्यांचा विषाणू शरीराबाहेर जात नाही. पाठीच्या कण्याजवळच्या मज्जातंतूंच्या गाठींत तो वर्षानुवर्षे निजून राहतो. वय वाढले, मधुमेहाने किंवा एखाद्या औषधाने प्रतिकारशक्ती उणावली, की एखाद्या मज्जातंतूच्या वाटेने तो कातडीवर येतो. दोन आजारांचे हे नाते उलगडण्यात मोठा वाटा होता एडगर होप-सिम्पसन या इंग्लंडमधल्या एका फॅमिली डॉक्टरचा. आपल्या दवाखान्यात सोळा वर्षांत आलेल्या १९२ रुग्णांच्या नोंदी त्याने ठेवल्या आणि १९६५ साली त्या प्रसिद्ध केल्या.

आता त्या विळख्याकडे पाहू. कण्यातून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या जोड्या असतात. एक डाव्या अंगाचा, एक उजव्या अंगाचा. विषाणू बहुधा एकाच बाजूच्या तंतूतून बाहेर पडतो, म्हणून पट्टा पाठीच्या मध्यापासून निघून पोटाच्या मध्यापाशी थांबतो. म्हणजे तोंड आणि शेपूट सहसा मिळतच नाहीत. क्वचित दोन्ही बाजूंना पुरळ उठलेच, तर ते प्रतिकारशक्ती फार खालावल्याचे लक्षण असू शकते. माणूस काही विळखा पुरा झाल्यामुळे मरत नाही.

उतरवणाऱ्याचे यश आहे ते इथे. जो विळखा मुळातच पुरा होणार नव्हता, तो त्याने रोखला असे आपण मानतो. ज्या पुळ्या दोन ते चार आठवड्यांत आपोआप सुकणार होत्या, त्या त्याने सुकवल्या असे आपण सांगत सुटतो. यात कोणी कोणाला फसवत नाही. पण या खेळात तो कधी हरूच शकत नाही, आणि दरम्यान घड्याळ पुढे सरकत राहते.

ते घड्याळ आहे ७२ तासांचे. पुरळ उठल्यापासून एवढ्या वेळात असायक्लोविरसारखे विषाणूविरोधी औषध सुरू झाले तर त्याचा उपयोग सर्वाधिक. पुळ्या लवकर सुकतात, सुरुवातीच्या वेदनेचा जोर ओसरतो. मागे रेंगाळणारी वेदना त्याने हमखास टळते असे नाही. पण माझ्यासारख्याने ती संधीच घालवली. पुरळ कपाळावर, डोळ्याभोवती किंवा नाकाच्या शेंड्यावर उठले असेल, तर एका दिवसाचीही चालढकल नको. तिथे प्रश्न दृष्टीचा असतो.

दुसरी चूक घरातली. नागीण झालेल्याकडून नागीण लागत नाही, म्हणून त्याचे ताट-वाटी वेगळी करण्याचे कारण नाही. मात्र ओल्या पुळ्यांतल्या पाण्यातून, ज्याला कांजिण्या झालेल्या नाहीत त्याला कांजिण्या होऊ शकतात. म्हणून पुरळ झाकून ठेवावे, आणि खपल्या धरेपर्यंत गरोदर बाई व तान्हे मूल यांच्यापासून दूर राहावे. आमच्या घरी त्या गणपतीत नेमके याच्या उलट झाले. माझे ताट वेगळे होते, आणि भाचीचे बाळ मांडीवर. निभावले, हे नशीब.

पुळ्या गेल्या, डाग फिके झाले आणि खरे दुखणे तेव्हा सुरू झाले. अंगातला सुती सदरा कातडीला लागला तरी आग व्हायची. पंख्याचा वारा सोसवत नसे. रिक्षा खड्ड्यात आदळली की डोळ्यांत पाणी. असे आठ महिने. घरची माणसे प्रेमळ. पण चौथ्या महिन्यात सौ.नेही विचारले, "आता तर काही दिसत नाही, मग दुखतं कुठे?" तिचा तरी काय दोष! दिसते ते दुखणे, हीच आपली व्याख्या. पण विषाणू मज्जातंतूला इजा करून जातो, आणि तो तंतू नंतरही खोट्या वर्दी देत राहतो. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांना ही वेदना फारशी दाद देत नाही. तिच्यासाठी मज्जातंतूंवर काम करणारी वेगळी औषधे असतात आणि ती डॉक्टर हळूहळू वाढवत नेतात. ती मागायला लाज वाटायचे कारण नाही. म्हातारपणी असे दुखायचेच, हे वाक्य या आजारात फार महाग पडते.

महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा त्यात गुन्हा आहे. कातडीवरच्या या नागिणीचे नाव तिथे नाही, आणि ते घाला असे मी म्हणणार नाही. मला कोणी रोखले नव्हते. मला पाठवले ते मायेने. त्या मायेलाच नवी माहिती द्यायला हवी. काकूंना मी आता सांगतो, "निदान तुमचं बरोबर होतं. फक्त पुढच्या वेळी गावचा पत्ता देण्याआधी डॉक्टरचा द्या." उतरवणारे गृहस्थही ऐकतील असे वाटते. गेरूची रेघ ओढताना त्यांनी एवढेच विचारावे, "डॉक्टरकडे जाऊन आलात का?"

२०२३ पासून भारतात नागिणीची लस मिळते. पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस. ती महाग आहे आणि सरकारी लसीकरणात नाही, म्हणून पेन्शनीत बसत नाही, ही तक्रार खरीच आहे. ज्यांना परवडते त्यांनी डॉक्टरांशी बोलावे. ज्यांना परवडत नाही, त्यांच्या हाती ते तीन दिवस तरी आहेत. त्याला खर्च फारसा येत नाही, लागते ते एवढेच, की दारात उभ्या राहून निदान करणाऱ्या काकूंनी तोंड-शेपूट शोधण्याऐवजी आधी वार विचारावा, "पुरळ कधी उठलं, भाऊ?"