शेवाळाचा हिशेब

बँकेतून निवृत्त झालो तेव्हा मुलाने खाऱ्या पाण्याची मत्स्यपेटी भेट दिली. मरीन ड्राइव्हवर १९५१ साली उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयाच्या काचांना नाक लावून मी लहानपणी कसा उभा राहायचो, हे त्याने माझ्या तोंडून शंभरदा ऐकलं होतं. पुढे तो परदेशी गेला. दिवाणखान्यात उरलो मी, ती पेटी आणि नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन क्लाऊनफिश.

चौथ्या महिन्यात दगडांवर हिरवे केस उगवले. पाहुणे यायचे असले की मी काच घासून लख्ख करी. मार्चअखेरीला बँकेत आम्ही ताळेबंद सजवायचो, तसंच ते! एप्रिलात पुन्हा मूळ रूप बाहेर. अखेर कंटाळून शेवाळनाशक औषध ओतलं. शेवाळ मेलं; पण एवढं सगळं एकदम कुजू लागल्यावर पाण्यातला प्राणवायू आटला आणि सकाळी एक मासा तळाशी आडवा दिसला. दोष औषधाचा नव्हता, ओतणाऱ्याचा होता.

मग वाचायला बसलो. ध्यानात आलं की शेवाळ हा रोग नव्हे, तो खातेउतारा आहे. माशांचं उरलेलं खाणं, त्यांची विष्ठा, नळाचं पाणी यांतून नायट्रेट आणि फॉस्फेट जमा होत राहतात. वर दिव्याचा प्रकाश मिळाला की शेवाळ फोफावतं. गंमत म्हणजे माझ्या चाचणीत फॉस्फेट शून्य यायचं. शून्य शिल्लक म्हणजे व्यवहार बंद, असं नसतं, हे खरं तर मला कुणी सांगायला नको होतं. जेवढं जमा होई, तेवढं शेवाळ काढून नेत होतं.

उपाय साधेच निघाले. शेवाळ हाताने उपटून पेटीबाहेर टाकायचं. आत राहिलं तर कुजून पुन्हा त्याच खात्यात जमा. आरओच्या पाण्यात समुद्री मीठ विरघळवून आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलायचं. दिवा बारा तासांऐवजी आठच तास लावायचा. शेवाळ खाणाऱ्या गोगलगाई सोडायच्या. आणि खाणं दिवसातून एकदाच, दोन मिनिटांत संपेल एवढंच.

हे शेवटचं सगळ्यांत कठीण. मासा काचेशी येऊन बघतो, हात आपसूक डब्याकडे जातो. सौ. एकदा शांतपणे म्हणाली, "मुलाचा फोन आला नाही की त्या दिवशी तुम्ही चिमूट मोठी घेता." मी गप्प बसलो. शेवाळाचं मूळ तिला चाचणीशिवाय सापडलं होतं.

आपण सारेच दिसतं ते खरवडतो, घालतो ते मोजत नाही. पवनेवरची जलपर्णी यंत्रांनी उपसली जाते. नदीत सांडपाणी येत राहतं, तोवर ती पुन्हा वाढणारच. औषध शोधण्याआधी जमेची बाजू तपासावी, एवढंच माझं म्हणणं.

तीन महिन्यांत दगड मोकळे झाले. मागच्या काचेवर हिरवा थर आहे, तो मी ठेवला आहे. गोगलगाईंचं पोट त्यावर चालतं. उरलेला मासा अजून काचेशी येतो. मी डबा उघडत नाही. फोन उचलतो आणि मुलाला मीच लावतो.