छंदाला कामाची सनद

छंद पोटाला लावू नये, लावला की त्यातला आनंद आटतो, हा उपदेश सप्तशृंगीच्या पायथ्याशी वसलेल्या आमच्या वणीत, जिथे चैत्रातल्या आणि नवरात्रातल्या यात्रेवर पुष्कळांच्या वर्षाच्या कमाईची आशा टांगलेली असते, वडीलधारी मंडळी इतक्या निश्चयाने करतात, की एखाद्या मुलाने साप ओळखण्याचा किंवा जुनी घड्याळे उघडण्याचा नाद घेतला, तर उद्या तो व्यवसाय होईल याचीच घरच्यांना अधिक धास्ती वाटते. या उपदेशामागची माया मला मान्य आहे. त्यातले प्रमेय मान्य नाही.

पूर्वपक्ष असा. छंद स्वेच्छेचा, काम परेच्छेचे. छंदाला मुदत नाही, कामाला मुदत आणि तगादा दोन्ही. म्हणून पुण्याच्या दिनकर केळकरांनी चष्म्यांचे दुकान चालवीत दिवे, अडकित्ते आणि वाद्ये जमविली, तसा निर्वाह वेगळा व नाद वेगळा राखावा. परंतु हा दाखला शेवटपर्यंत वाचला, तर तो उलट बाजूने बोलतो. 1920 च्या सुमारास सुरू झालेला तो संग्रह 1962 साली, अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने, वस्तुसंग्रहालय झाला आणि 1975 साली शासनाच्या स्वाधीन झाला. जतन, नोंदी आणि मांडणी यांची शिस्त पत्करल्यावाचून घरातली ती संपदा लोकांची झाली नसती.

याहून बिकट साक्ष आमच्याच जिल्ह्यातली आहे. 1870 साली त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांना छायाचित्रणाचा आणि जादूचा नाद होता. ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने ते जादूचे प्रयोग करीत. पुढे चलच्चित्राचा ध्यास लागला, तेव्हा त्यांनी कुंडीतल्या अंकुराची वाढ एकेक चित्र घेऊन टिपली, विम्याची पॉलिसी तारण ठेवली, 1912 साली लंडन गाठून कॅमेरा आणला आणि 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. ‘लंकादहना’त मारुती आकाशमार्गे निघाला, तेव्हा त्या जुन्या जादूगाराचे कसब वाया न जाता कामी आले.

प्रतिपक्ष म्हणेल, की 1918 साली भांडवलदारांच्या भागीदारीत कंपनी निघाली आणि लवकरच हा मनुष्य विटून काशीला निघून गेला, हाच आनंदाचा अंत नव्हे काय? नव्हे. बेबनाव होता तो भागीदारांशी, खर्चावर आणि निर्मितीवर हुकूम कोणाचा चालावा या मुद्द्यावर. आणि काशीत ‘रंगभूमी’ नाटक लिहून झाल्यावर ते नाशिकला त्याच कंपनीत, त्याच कामावर परतले. ज्याचा आनंद कामाने मारला, तो कामाकडे परतत नाही. 1944 साली नाशिकातच त्यांचा अंत झाला, त्याआधीची शेवटची वर्षे उपेक्षेत गेली, हे खरे; पण बोलपटांच्या युगाने आपल्या आद्य कारागिराची तजवीज केली नाही, हा दोष त्या युगाचा आहे, छंदाचा नाही.

तेव्हा सिद्धान्त असा, की छंद मोबदल्याने मरत नाही. तो मरतो स्वाधीनता गेल्याने. मोबदला घेतल्यावर मात्र अर्धवट टाकण्याची मोकळीक संपते, अपरिचिताच्या नजरेची कसोटी लागते आणि जे एकट्याच्या हौसेत सामावत नाही त्यासाठी सोबती मिळवावे लागतात. फाळक्यांच्या घरी त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई रात्री फिल्मच्या पट्टीला छिद्रे पाडीत बसत. एका माणसाचे वेड त्या घराचे कसब झाले ते कामामुळेच.

म्हणून वणीतल्या वडीलधाऱ्यांना माझी विनंती आहे, की मुलाने विलक्षण नाद व्यवसाय म्हणून पत्करला, तर त्याला परावृत्त करू नये. दुकानाला देतो तेवढे प्रारंभीचे भांडवल आणि तेवढाच अवधी द्यावा, जमाखर्च चोख ठेवायला लावावा आणि करारावर सही होण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: या कामात शेवटचा शब्द कोणाचा राहणार? तो त्याचा राहत असेल, तर छंदाच्या मरणाचे भय बाळगण्याचे कारण नाही.